कॉपी-पेस्टने मराठी मोडत नाही

गैरसमज : देवनागरी किचकट लिपी आहे, म्हणून कॉपी-पेस्ट करताना ती मोडते.

वस्तुस्थिती : छापखाना, कचेरी, शाळा, कुठेही हे वाक्य ऐकू येतं. पेस्ट केल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली की सगळा दोष लिपीच्या माथी! हे किती वेळा खोडायचं?

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये मुळात देवनागरी नसतेच. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण साठवलेला असतो इंग्रजी ‘डी’चा संकेतांक, फॉन्ट त्या जागी ‘क’चा आकार काढतो. क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवण्याची जागा, तो संकेतांक इमानाने पोचवतो. पलीकडे फॉन्ट बदलला की मुळातली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. काही पीडीएफमधून कॉपी करताना होणारा गोंधळ याच जातीचा आहे. तिथे आकारांचे क्रमांक असतात, पण कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता अपुरा असतो किंवा नसतोच.

युनिकोड या प्रमाण संकेतप्रणालीत मात्र देवनागरीला १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःचे संकेतांक आहेत. ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार, याच क्रमाने. वेलांटी दिसते आधी, साठते शेवटी. मजकूर निवडताना एडिटरने हे चारही मिळून एकच अक्षर मानायला हवं. त्याने मध्येच काप घेतला तर ‘क्’ एकीकडे आणि ‘षि’ दुसरीकडे जातो. ही चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, लिपीची नव्हे. शंका असेल त्यांनी युनिकोडचं परिशिष्ट २९ पाहावं : देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम २०२३च्या १५.१ या आवृत्तीत त्यात आला आहे.

आता किरकोळ गैरसमज.

‘क्लिपबोर्डवर फक्त अक्षरं जातात.’ नाही. एडिटर तोच मजकूर साधा, आरटीएफ, एचटीएमएल अशा अनेक रूपांत ठेवू शकतो; घेणारा प्रोग्रॅम त्यांतलं एक निवडतो. नको असलेले रंग आणि ठळक अक्षरं येतात ती यामुळेच.

‘कॉपी केलं की प्रत लगेच तयार होते.’ नेहमीच नाही. विंडोजमध्ये प्रोग्रॅम नुसतं आश्वासन देऊन ठेवू शकतो आणि मजकूर पेस्टच्या वेळी पुरवतो.

‘बॅकस्पेसने नुसती वेलांटी पुसली गेली, म्हणजे बिघाड.’ बहुतेक एडिटरमध्ये ही मुद्दाम केलेली सोय आहे. वेलांटी सुधारण्यासाठी अख्खं जोडाक्षर पुन्हा टाइप करावं लागत नाही.

‘कट-कॉपी-पेस्ट मायक्रोसॉफ्टने आणलं.’ नाही. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ते १९७०च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात, जिप्सी या एडिटरसाठी घडवलं.

तेव्हा मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा आणि युनिकोडमध्येच मागा. एडिटर बनवणाऱ्यांनी निवड आणि पेस्टची चाचणी ‘क्षि’, ‘र्‍या’, ‘ष्ट्री’ अशा अक्षरांवर केल्याशिवाय तो लोकांच्या हाती देऊ नये.