पडवीतील येझदी

पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली कित्येक वर्षे पडून राहिलेली मोटारसायकल पुन्हा चालती करावी, असे घरातील तरुण मुलाच्या मनात आले म्हणजे वडील माणसे बहुधा दोनच गोष्टी बोलतात : एक, ती भंगारात घाल, दुसरी, तुला त्यातले काय कळते? हुलसूरसारख्या सीमेवरील गावी, जिथून मोठ्या शहरांतील दुकाने दूर, तिथे या बोलण्यात काही तथ्य आहे हे नाकारता येत नाही. तरीही आमचे मत असे की, मुलाला अनुमती द्यावी. मात्र कामाचा क्रम वडिलांनी ठरवून द्यावा, आणि रंग सर्वांत शेवटी लावू द्यावा.

गाडी येझदी असेल तर ती आपल्याच राज्यातली. रुस्तम व फारोख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना काढला, आणि चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने १९६१ साली तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ साली जावाची येझदी झाली. त्याच वर्षी म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले, हा योगायोग गमतीचा खरा. पुढे १९७८ साली रोडकिंग आली. अडीचशे सी. सी. चे एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि सुमारे १६ अश्वशक्ती. शर्यतींच्या मैदानांवरही या गाड्यांनी नाव मिळविले. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०२२ पासून येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले आहे. परंतु त्या गाडीचे यंत्र सर्वस्वी निराळे, तिचे भाग जुनीला बसत नाहीत. म्हणून जुन्या गाडीचा झिजलेला भागही नवा हाती येईपर्यंत फेकू नये.

पाना हाती घेण्यापूर्वी कागद पाहावेत. इंजिनावरील व चासीवरील क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकांशी जुळतात की नाही, हे दिव्याच्या उजेडात स्वतः वाचावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते. आपल्याकडे आणखी एक अडचण संभवते : गाडी लातूरच्या नातलगाकडून आलेली असेल, तर महाराष्ट्रातील नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत पत्र हवे. हे नसेल तर पुढचा सारा खर्च पाण्यात जातो.

यंत्र जाम झालेले असल्यास किकवर उड्या मारू नयेत. प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे, मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. सुटा केलेला प्रत्येक भाग निराळ्या डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहावे, आणि खोलण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. पॉइंटमधील अंतर ०.४ मिलिमीटर व प्लगमधील ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. हे फीलर गेजने मोजावयाचे असते, अंदाजाने नव्हे.

या यंत्राचा स्वभाव मात्र नीट समजून घ्यावा. टू-स्ट्रोक यंत्रात पिस्टन व क्रँक यांना वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचेच. गिअरपेटीतील तेल वेगळे असते, ते या कामी येत नाही. आजच्या चांगल्या तेलाचे प्रमाण लिटरला ३० ते ४० मिलिलिटर पुरते. घाईत एकदा जरी तेल घालावयाचे राहिले, तरी पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. तसेच, क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील वर्षानुवर्षे पडून कडक होतात, तेथून हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी, हवा अधिक असे मिश्रण जळून यंत्र अतोनात तापते. पुष्कळजण कार्बोरेटरला दोष देत बसतात, आणि दोष सीलचा असतो.

आता ब्रेकविषयी. इथे वडिलांनी हट्ट धरावा. टू-स्ट्रोक गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर यंत्राच्या बळावर फारशी मंदावत नाही. सारा भार पुढच्या-मागच्या ड्रम ब्रेकवर येतो. लायनर, केबल आणि टायर नवे घातल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाता कामा नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी वीस वर्षांचे रबर विश्वासाचे नव्हे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. आणि पेट्रोलचे काम चुलीपासून व मुलांपासून दूर, उघड्यावर.

पाचवी आज्ञा दुसऱ्याच्या जिवाइतकीच आपल्या जिवालाही लागू आहे, हे तरुणांना वेगळे सांगावे लागू नये. इटलीतील कास्तेल्लात्सो बोर्मिदा या गावातील मरियामातेला पोप बारावे पायस यांनी १९४७ साली मोटारसायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तेथे आजही जुलै महिन्यात दूरदूरचे स्वार आपापल्या गाड्या घेऊन आशीर्वादासाठी जमतात. आपल्याकडेही गाडी तयार झाली म्हणजे फादरांकडून आशीर्वादित करून घेण्यास हरकत नाही. पण हेल्मेट डोक्यावर घालूनच त्यांच्याकडे जावे.

गाडी चालू झाल्यावर तिची निगा सोपी आहे. सायलेन्सरमधील काजळी वेळोवेळी काढावी, साखळीला तेल द्यावे, क्लचची केबल पाहावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. यास्तव नळी नव्या जातीची घालावी. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा, आणि प्लास्टिकऐवजी सुती चादर झाकावी. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडून गंज चढतो.