'अंदाजानं' म्हणजे किती? घरची सोपी रेसिपी आपल्या हातून का बिघडते

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचं गाव आहे. तिथल्या किंवा त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावातल्या घरी फोन लावून विचारा, "येसराची आमटी कशी करायची गं आई?" उत्तर साधारण असं येईल: "त्यात काय विचारायचं? फोडणी द्यायची, येसर टाकायचं, पाणी ओतायचं, उकळू द्यायचं."

"येसर किती?"

"अंदाजानं."

पुण्यात खोली करून राहणारा मुलगा एवढ्या निरोपावर आमटी करायला घेतो. दहा मिनिटांनी पातेल्यात जे तयार होतं, त्यानं भिंतीवर पोस्टर चिकटवता येईल. वर गुठळ्या वेगळ्याच. तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो, सगळे हसतात आणि विषय संपतो.

आईनं खोटं काही सांगितलेलं नसतं. तिच्यासाठी ती आमटी खरंच चार वाक्यांची आहे. मग गडबड होते कुठे? सध्या सोशल मीडियावर 'आमच्या घरची सोपी रेसिपी' टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ती करून फसणाऱ्यांची त्याहून मोठी असावी, म्हणून हे जरा नीट समजून घेऊ.

आधी येसर म्हणजे काय ते पाहू

येसर हे भाजलेल्या धान्याचं, डाळीचं आणि मसाल्याचं एकत्र दळलेलं पीठ. सोलापूरकडे याला येसूर म्हणतात. गहू आणि हरभऱ्याची डाळ बहुतेक घरांत असते. त्यापुढे मात्र प्रत्येक घराचा कारभार वेगळा. कुणी ज्वारी घालतं, कुणी बाजरी, कुणी तांदूळ, कुणी उडदाची डाळ. मसाल्यात धने, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल, सुंठ, हळद.

हे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण गहू फुटायला लागेपर्यंत जिरे जळून कोळसा होतील. भाजून, गार करून, मग गिरणी. एकदा दळून डबा भरला की तो काही महिने पुरतो. म्हणजे आई जेव्हा 'येसर टाकायचं' म्हणते, तेव्हा त्या दोन शब्दांत तिची एक अख्खी दुपार आणि गिरणीची एक फेरी दडलेली असते. आमटी आज दहा मिनिटांत होते, कारण तिचं अर्धं काम कधीच उरकलेलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर येसर म्हणजे मराठवाड्याचं घरगुती इन्स्टंट मिक्स, फक्त पाकिटावर कृती छापलेली नाही.

भाजण्याचं आणखी एक काम आहे. कच्चं पीठ पाण्यात शिजलं की त्यातलं स्टार्च पाणी शोषून फुगतं आणि खळ होते. कोरडं भाजल्यावर ते स्टार्च थोडं तुटतं, त्यामुळे तेच पीठ तितकं घट्ट होत नाही आणि कच्चा वासही जातो. भाजल्यानं ओलावा उडतो, म्हणून ते टिकतंही. येसर संपलं म्हणून कुणी बेसन आणि गरम मसाला वापरून ही आमटी करतं, ती पिठल्याच्या वाटेला का जाते याचं उत्तर यात आहे.

आता त्या मुलाच्या पातेल्याकडे येऊ. त्याच्याकडे घरून आणलेलं खरं येसर होतं. तरी फसलं, कारण तीन गोष्टी त्याला कुणी सांगितल्याच नाहीत. एक, येसर आधी गार पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं की प्रत्येक गोळी बाहेरून शिजते आणि आत कोरडी राहते, तीच गुठळी. दोन, चमचा सपाट घ्यायचा की शिगोशीग भरून, यात जवळपास दुपटीचा फरक पडतो. तीन, ही आमटी गार होता होता घट्ट होते, म्हणून उतरवताना ती 'जरा जास्तच पातळ झाली' असं वाटलं पाहिजे. आईला तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत. इतक्या ठाऊक आहेत की त्या सांगण्यासारख्या आहेत हेच तिच्या लक्षात येत नाही.

तर मापासकट, चार माणसांसाठी:

येसर करायला दोन वाट्या गहू, एक वाटी हरभरा डाळ, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे, एक चमचा मिरी, आठ-दहा लवंगा, बोटाच्या पेराएवढे दालचिनीचे दोन तुकडे, तीन-चार तमालपत्रं, चिमूटभर दगडफूल, सुंठेचा लहान तुकडा. सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं. डाळ बदामी झाली पाहिजे, नुसती गरम नव्हे. गार झाल्यावर एक चमचा हळद घालून बारीक दळायचं. सुकं खोबरं काही जणी यातच घालतात, पण त्याच्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं. डबा बरेच दिवस ठेवायचा असेल तर खोबरं आमटी करताना वाटून घातलेलं बरं.

आमटीला चार सपाट पोह्याचे चमचे येसर एक वाटी गार पाण्यात कालवून ठेवायचं. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, कढीपत्ता. लसूण तांबूस झाला की आच कमी करून तिखट किंवा काळा मसाला, लगेच तीन वाट्या पाणी. पाण्याला उकळी आली की कालवलेलं येसर ढवळत ढवळत ओतायचं. मीठ, थोडी चिंच, चिंचेच्या निम्मा गूळ. आठ-दहा मिनिटं उकळू द्यायचं. भाकरी कुस्करून खायची असेल तर आणखी अर्धी वाटी पाणी.

हे एका घरचं माप आहे. तुमच्या घरी लवंग निम्मी असेल, तर तुमच्या घरचं बरोबर.

'सोपं' कुणासाठी?

मोबाइलवर 'सोपी रेसिपी' म्हणजे कमी वेळात होणारी. बीडकडे या शब्दाचा अर्थ आणखी मोठा आहे.

हा जिल्हा अवर्षणप्रवण. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी आहे, पण बऱ्याच गावांची शेती अजून पावसाच्या भरवशावर. बाराही महिने ताजी भाजी मिळेल अशी परिस्थिती नव्हती. त्यामुळे इथल्या घरगुती जेवणात टिकणाऱ्या वस्तूंना मान: ज्वारी, बाजरी, हुलगा, डाळी, शेंगदाणे, लसूण, वाळलेली मिरची. डाळीची आमटी करायची तर डाळ जास्त लागते. येसराच्या मूठभर पिठात घरातली सगळी माणसं भाकरी कुस्करून जेवतात. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, तुरीच्या वरणात शिजवलेल्या चकोल्या, पिठलं, ठेचा, हे सगळे त्याच हिशेबातले पदार्थ. शेंगोळे आणि चकोल्यांत तर कालवण आणि पोट भरायचं पीठ एकाच भांड्यात शिजतं.

त्यात ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. राहायला कोपी. बाई अंधारात उठून तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी करते आणि मग फडात जाते. फ्रिज नाही, मिक्सर नाही, दुसरी शेगडी नाही. तिथं सोपं म्हणजे एक भांडं, एक जाळ आणि डब्यात आधीपासून तयार असलेलं काहीतरी.

या पदार्थांना इन्स्टाग्रामवर 'गावरान', 'रस्टिक' अशी लेबलं लागतात तेव्हा मला थोडं हसू येतं. मातीच्या भांड्याचा आणि केळीच्या पानाचा फोटो छान दिसतो, पण येसराचा जन्म हौसेतून झालेला नाही.

पीठही बोलतं

दुसरा नेहमी फसणारा पदार्थ म्हणजे धपाटे. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तीळ, ओवा, हळद, मीठ. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे. गावाकडे हे सहज होतं आणि शहरात थापतानाच भेगा पडतात.

दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवणारं काही आपोआप तयार होत नाही. ताज्या दळणाच्या पिठात चिकटपणा बरा असतो. दळून बरेच दिवस झाले की तो कमी होतो आणि चवही कडवट होऊ लागते. यालाच म्हातारी माणसं 'पिठाची विरी गेली' म्हणतात. गावात आठवड्याचं दळण आठवड्याला येतं, शहरात पाकीट कधी दळलंय ते उलटून पाहावं लागतं.

उपाय सोपा आहे. उकळतं पाणी घालून पीठ झाकून पाच मिनिटं ठेवा आणि मग मळा. गरम पाण्यानं स्टार्च फुगतं आणि ग्लुटेनचं काम काही प्रमाणात तेच करतं. तुम्ही धपाट्यांची रेसिपी टाकत असाल तर 'ज्वारीचं पीठ दोन वाट्या' यापुढे 'ताजं दळलेलं, नसेल तर उकळत्या पाण्यात भिजवा' एवढं वाक्य जोडा. वाचणाऱ्याची अर्धी चिडचिड वाचेल.

मग घरच्यांचा अंदाज पकडायचा कसा?

आईला किंवा आजीला 'किती घालतेस?' विचारून उपयोग नाही. तिच्या हाताला माहीत असतं, तिच्या तोंडाला नाही. विचारायच्या ऐवजी मोजा. स्वयंपाक सुरू करण्याआधी येसराचा डबा वजनकाट्यावर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. जो फरक येईल तो तिचा अंदाज. मिठाचा डबा, तेलाची बुधली, सगळ्याचं असंच. तिला काही वेगळं करायला लावू नका, कारण वाटी हातात दिली की ती वाटीच्या हिशेबानं घालायला लागते आणि चव बदलते.

प्रश्न विचारायचाच तर 'झालं हे तुला कशावरून कळतं?' असा विचारा. मग उत्तरं येतात: डाळीचा वास बदलला, तेल कडेला सुटलं, भाकरीचा पापुद्रा फुगला, आमटी डावावरून धार धरून पडली. ही माहिती कुठल्याही वाटीपेक्षा जास्त कामाची, कारण तुमची शेगडी तिच्या शेगडीसारखी नसते. व्हिडिओ काढत असाल तर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर कमी आणि हातावर जास्त ठेवा.

लिहिताना तीन गोष्टी न चुकता लिहा: किती माणसांसाठी, कुठलं गाव, कुणाकडून आलं. 'अस्सल मराठवाडी' असं लिहिलं की कमेंटमध्ये लातूर विरुद्ध बीड सुरू होतं आणि रेसिपी बाजूला राहते. 'माझ्या मावशीची' असं लिहिलं तर भांडायला जागाच उरत नाही.

वहीत काय राहिलं, काय नाही

घरचा अंदाज मापात बसवण्याचं काम मराठीत आधी झालेलं आहे. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं, याचं एक मोठं कारण त्यातली वाटी-चमच्याची मापं. आई जवळ नसलेल्या नव्या सुनांना ते पुस्तक उभं करून गेलं. पण कुठलंही पुस्तक एका प्रकारच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर बघतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या जेवणाबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं, ते यायला २०१५ उजाडलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आलं. एकाच जिल्ह्यात, शेजारशेजारच्या वस्त्यांमध्ये रोज शिजणाऱ्या पदार्थांतले किती कधीच छापले गेले नव्हते, हे ते वाचताना कळतं.

त्यामुळे 'हे तर सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून पोस्ट करायचं टाळलेला पदार्थ कदाचित कुणीच लिहून ठेवलेला नसेल. आणि तो येणारी व्यक्ती घरात एकच उरली असेल, तर वजनकाटा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबवू नका.

सुरुवात करायला सुशीला चांगला आहे. मराठवाड्याचा नाश्ता, पंधरा मिनिटांत होतो आणि यात न सांगितलेली गोष्ट एकच असते: मुरमुरे किती भिजवायचे. भेळेचे हलके मुरमुरे असतील तर पाण्यात बुडवून लगेच दोन्ही हातांनी दाबून काढायचे. जाड असतील तर मिनिटभर थांबायचं. चार वाट्या मुरमुऱ्यांना डाळ्याचं कूट दोन-तीन चमचे, ते भिजलेल्या मुरमुऱ्यांवर आधीच चोळून ठेवायचं म्हणजे जास्तीचं पाणी ते ओढून घेतं आणि लगदा होत नाही. तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, मूठभर शेंगदाणे, कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मीठ, चिमूटभर साखर, मग मुरमुरे. हलक्या हातानं परतून दोन मिनिटं झाकण. वरून लिंबू आणि कोथिंबीर, आणि गरम असतानाच ताटलीत, कारण गार झाला की तो चिवट होतो.