नामामागून चालणारे शब्द

इसवी सन १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम कॅरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण बाहेर पडले; त्याच्याही पूर्वी, १६४० साली, गोव्यात रायतूर येथे थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याचे कोकणीचे पोर्तुगीज व्याकरण, कर्त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, मुद्रित झाले होते. लॅटिन व्याकरणाच्या परंपरेत शब्दांच्या ज्या जाती ठरून गेल्या होत्या त्यांपैकी एकीच्या नावाचा अर्थच ‘आधी ठेवलेला’ असा होता, आणि इंग्रजीतील ‘प्रिपोझिशन’ हे त्याचेच रूप. परंतु ज्या भाषांचे वर्णन या परदेशी पंडितांनी आरंभिले त्यांत हा शब्द चोपदारासारखा ललकारी देत नामाच्या आधी जात नाही, तर हुजऱ्यासारखा अदबीने मागून चालतो. पुढील दीडशे वर्षांतील आपल्या व्याकरणविचाराचा बराच भाग या हुजऱ्याला दरबारात कोणती जागा द्यावी या वादाने व्यापला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ऐन तारुण्यात, १८३६ साली, आपले व्याकरण प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यासमोर होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून मराठी व्याकरणाची जी मार्मिक चिकित्सा केली ती त्यांच्या पश्चात, १८९३ मध्ये, ग्रंथरूपाने आली, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी पूर्वसूरींची मते एकेक करून पारखणारे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले. एकीकडे आठ शब्दजातींची पाश्चात्त्य वहिवाट, दुसरीकडे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग सांगणारे यास्काचे निरुक्त व सुबन्त (नामरूपे) आणि तिङन्त (क्रियारूपे) या दोनच पदांत सारा संसार आटोपणारा पाणिनी. या दोन सनदांच्या कात्रीत मराठीचे ‘शब्दयोगी अव्यय’, म्हणजे हाच मागून चालणारा हुजऱ्या, सापडले होते. संस्कृतात विभक्ती नामाला इतकी चिकटून असे की स्वतंत्र अनुचराची गरज बेताचीच पडे, आणि इंग्रजीत विभक्ती जवळजवळ लोपल्याने सारा भार अनुचरावरच आलेला. मराठी या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभी.

हा उंबरठा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ‘रामाला’ आणि ‘रामासाठी’ या दोन्ही रूपांत ‘राम’ सामान्यरूप धारण करतो, तेव्हा ‘ला’ हा प्रत्यय आणि ‘साठी’ हा शब्द, असा भेद कशावरून करावयाचा? एक कसोटी आपल्या बोलण्यातच आहे: ‘रामाच्यासाठी’ म्हणता येते, किंबहुना ‘रामाच्याच साठी’ असे मध्ये ‘च’ घालूनही म्हणता येते, ‘रामाच्याला’ मात्र कोणी म्हणणार नाही.

आमच्या प्राथमिक शाळेत एकदा ‘वर’ या शब्दाची जात विचारली गेली. एकाने शब्दयोगी अव्यय सांगितले, दुसऱ्याने क्रियाविशेषण. पहिल्याला शाबासकी मिळाली आणि दुसऱ्याला छडी. वास्तविक ‘कौलांवर माकड चढले’ आणि ‘माकड वर चढले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली असती तर दोघांचेही खरे ठरले असते, कारण जात शब्दाच्या कपाळावर कोरलेली नसून वाक्यातील कामावरून ठरते.

अन्यत्रही हाच अनुभव येतो. जपानीत ‘मेजावर’ म्हणावयाचे तर ‘त्सुकुए नो उए नी’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘मेजाच्या वरच्या भागी’. तेथील ‘उए’ हे सरळसरळ नाम आहे. फिनिश भाषेत पंधरा विभक्त्या शिकवल्या जातात आणि आपला ‘घरात’ तेथे ‘तालोस्सा’ या एकाच विभक्त्यन्त पदात मावतो. १९६३ साली जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तीस भाषांच्या आधारे असा सिद्धान्त मांडला की, कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा ज्या भाषांचा क्रम, त्यांत हे अनुचर बहुतांशी नामामागूनच येतात. पुढच्याच वर्षी अरविंद मंगरूळकरांचा ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ निघाला. परक्या चौकटी उतरवून मराठीकडे मराठी म्हणून पाहण्याची निकड तोवर आपल्याकडेही पक्की झाली होती.

ग्रीनबर्गने ‘बहुतांशी’ म्हटले ते शहाणपणाचे, कारण फारसीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असूनही अनुचर नामाआधी येतात. ‘बर’ म्हणजे वर किंवा प्रमाणे, ‘दर’ म्हणजे आत. त्यावरून ‘बर हुकूम’, ‘दर मियान’. फारसी दफ्तराबरोबर हे शब्द आपल्याकडे आले, आणि मराठी कारकुनाने कोणत्याही वैयाकरणाचा सल्ला न घेता त्यांना आपल्या रांगेत मागे उभे केले: ‘आज्ञेबरहुकूम’, ‘लढाईदरम्यान’. नामाचे सामान्यरूपही त्याने न चुकता केले. श्रीरामपूरचे व्याकरण छापण्यापूर्वीच पेशवाईच्या दफ्तरात हा निकाल लागून गेला होता. पंडितांनी पुढे दीडशे वर्षे घालवली ती त्याची कारणे लिहिण्यात.