जुना प्रियकर आणि अर्थमंत्रिपद

विलायती उमरावांचे संसार : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात थोरल्या मुलाकडे सगळी इस्टेट जाण्याची रीत आणि तिच्यापायी लग्नं कशी ठरत, ते पाहिलं. अशा ठरवून झालेल्या लग्नात जुना प्रियकर परत येतो, हे ब्रिटिश उमरावी मालिकांचं हुकमी कथानक. त्याचा सर्वांत कसदार नमुना माझ्या मते बीबीसीच्या १९७४ सालच्या ‘द पॅलिसर्स’मध्ये आहे. २६ भागांची ही मालिका अँथनी ट्रॉलपच्या सहा कादंबऱ्यांवर बेतलेली. आपली कथा पहिल्या कादंबरीतली, ‘कॅन यू फरगिव्ह हर?’मधली. ती १८६४-६५ मध्ये मासिक हप्त्यांनी निघत होती.

ग्लेन्कोरा ही स्कॉटलंडमधल्या अफाट मालमत्तेची वारस. तिचं मन बर्गो फिट्झजेराल्डवर जडलेलं. बर्गो कमालीचा देखणा, तितकाच उधळ्या आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. नात्यातल्या बड्या मंडळींनी तिच्यामागे लकडा लावून ते जुळू दिलं नाही आणि ओम्नियमच्या ड्यूकचा पुतण्या व वारस प्लँटॅजेनेट पॅलिसर याच्याशी तिचं लग्न लावून टाकलं. पॅलिसर सज्जन, प्रामाणिक खासदार. पण सरकारी आकडेवारीत आकंठ बुडालेला. इंग्लंडच्या नाण्यांना दशमान पद्धत लावायची, हा त्याचा ध्यास. (प्रत्यक्षात ती १९७१ मध्ये आली, मालिका पाहणाऱ्यांना हे ताजंच होतं.) घरात बायको काय मनःस्थितीत वावरते आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता बर्गोबरोबर ती पळाली असती तर? १८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयाच्या हाती आला होता, पण माप दुहेरी होतं. बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा घर सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद १९२३ पर्यंत टिकला. बदनाम झालेल्या स्त्रीला दरबाराचे दरवाजे बंद होत आणि बड्या घरांची आमंत्रणं थांबत. ट्रॉलपच्या वाचकांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून नाचाच्या प्रसंगात त्यांचा जीव टांगणीला लागत असणार.

हा नाच लेडी मंकच्या घरी होतो. ही बर्गोची मावशी. भाच्याने श्रीमंत बाई पळवावी म्हणून ती स्वतःच्या हाताने त्याला पैसे देते! ग्लेन्कोरा बर्गोबरोबर नाचते, आणि भोवतालचे चेहरे तिला दिसेनासे होतात. पॅलिसरच्या गोटातली, तिच्यावर नजर ठेवणारी मिसेस मार्शम तेवढ्यात त्याला बोलावून आणते. तो येतो, आरडाओरडा करत नाही, बायकोला घरी घेऊन जातो.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या वेळी घडतो. ग्लेन्कोरा नवऱ्याला तोंडावर सांगते की आपलं एकमेकांवर प्रेम नाही. मूलही होत नाही, तेव्हा माझ्यापासून सुटका झाली तर तुमचं भलंच होईल. वारसाविना अडलेल्या घराण्यात हे शेवटचं वाक्य किती जिव्हारी लागणारं आहे! ‘कोणासाठी?’ आणि ‘किती दिवसांपासून?’ असे प्रश्न इथे अपेक्षित असतात. पॅलिसर त्या वाटेला जात नाही. तो तिला जवळ घेतो आणि परदेशी जाऊ म्हणतो. याच सुमारास त्याच्यापुढे अर्थमंत्रिपद चालून येतं. आयुष्यभर ज्याच्यासाठी खपला, ते पद तो बायकोबरोबरच्या प्रवासासाठी नाकारतो.

म्हणून मला वाटतं, हे कथानक प्रियकराचं नाहीच. लग्न ठरवताना ग्लेन्कोराच्या मनाला कोणी विचारलं नव्हतं, आणि लग्नानंतर पॅलिसरनेही विचारलं नाही. बर्गो येतो तेव्हा निदान ती काहीतरी सांगू शकते, रागावू शकते. पॅलिसर काही रातोरात रसिक होत नाही. प्रवासातही तो कंटाळवाणाच राहतो, आणि ट्रॉलप ते लपवत नाही. पण तिला काय वाटतं हा प्रश्न त्याच्या लेखी आता अंदाजपत्रकाच्या वर गेलेला असतो. सुझन हॅम्पशायर आणि फिलिप लॅथम यांनी हे अवघडलेलं जोडपं फार समजुतीने उभं केलं आहे.

बर्गोलाही ट्रॉलप खलनायक करत नाही, याचं मला विशेष कौतुक आहे. स्वतःचा खिसा रिकामा होत आलेला असताना तो लंडनच्या रस्त्यावर भेटलेल्या भुकेल्या मुलीला जेवू घालतो. पुढे बाडेनच्या जुगारघरात तो सर्वस्व हरतो, तेव्हा त्याच्या हॉटेलचं बिल भागवायला कोण जातं? पॅलिसरच. ग्लेन्कोराला तोवर दिवस गेलेले असतात. पुढे मुलगा होतो आणि घराण्याला वारस मिळतो. पण पहिलं प्रेम ती विसरली, असं ट्रॉलप कुठेही म्हणत नाही.

पॅलिसरच्या अगदी उलट वागणारा नवराही बीबीसीनेच सात वर्षं आधी पडद्यावर आणला होता. बायकोला आपल्या मालकीच्या चित्रांच्या रांगेत बसवणारा हा सोम्स फोर्साईट उमरावही नव्हता, लंडनचा गब्बर वकील होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊ.