पांदण, कन्हार माती आणि छोटी मोटार

भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखनीकडे पावसाळ्यात पांदणीवर छोटी मोटार रुतली की लोक म्हणतात, ‘गाडीत दम नाही.’ इंजिनात बहुधा दम असतोच. कमी पडते ती जमिनीची पकड, आणि ती मातीवर ठरते.

धान पिकवणारा भंडाऱ्याचा शेतकरी माती नावाने ओळखतो: कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी. गाडी चालवणाऱ्यानेही ती ओळखावी. कन्हार काळी, चिकण. तिचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात, एकमेकांवरून घसरतात. टायरच्या खाचा या चिखलाने भरल्या की नवा टायरही गुळगुळीतच. मुरमाड बरडी पाणी लवकर सोडते. म्हणून एकाच पावसानंतर एक पांदण दुपारपर्यंत चालू होते आणि शेजारची दोन दिवस बंद राहते.

माणसे बसलेली छोटी गाडी साधारण 1200 किलोची, म्हणजे एका चाकावर 300 किलो. टायरमध्ये 30 पौंड हवा असेल, तर हा भार जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकतो. हवा 20 पौंडांवर आणली की ती जागा जवळपास दीडपट होते आणि चाक कमी रुतते. मात्र हवा कमी असताना गाडी हळूच चालवायची आणि डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची. नाहीतर टायर तापतो, फाटतो.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे आणि जोरही पुढच्या चाकांना, त्यामुळे वजन योग्य जागी पडते. पण चढावर ते मागे सरकते आणि पुढची चाके नुसती फिरतात. अशा वेळी उलटे वळून रिव्हर्समध्ये चढ घेतला तर वजन पुन्हा जोराच्या चाकांवर येते. एक चाक चिखलात फिरू लागले, तर साधा डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर देतो; अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने खड्डा तेवढा खोल होतो.

खरी अडचण उंचीची. या गाड्यांचे पोट जमिनीपासून 16-17 सेंटिमीटरवर असते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या त्याहून खोल. चाकोरीत उतरूच नये; एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरे कडेवर ठेवून जावे. छोटी गाडीही खराब वाटेवर चालू शकते, याचा एक दाखला आहे: फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने खेड्यांसाठी बनवलेली ‘टू सीव्ही’ 1948 साली लोकांसमोर आली. नांगरलेल्या शेतातून अंडी न फुटता नेता यावीत, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. चार चाकांना जोर नसतानाही मऊ, लांब हालणाऱ्या सस्पेन्शनवर आणि कमी वजनावर तिने ते साधले.

पण हेच हलकेपण पाण्यात घात करते. छोटीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे 4 चौरस मीटर. तळाच्या वर प्रत्येक 10 सेंटिमीटर पाणी तिला साधारण 400 किलोने वर उचलते. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, गुडघाभर पाणी असले की दारे बंद असलेली रिकामी गाडी तरंगण्याच्या बेतात येते, पकड सुटते आणि प्रवाह तिला आडवी ढकलतो. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर ते दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

चिखलातून गाडी कौशल्याने काढता येते. रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.