वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात

जावयाने हौसेने विमानाचं तिकीट काढलं, तेही नव्या नावाने. तिकिटावर मीरा पाटील, पासपोर्टवर मीरा वसंत. तिकिटावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी, असं असलं की विमान कंपनी दोघींपैकी कुणालाच बसू देत नाही. तिकीट रद्द झालं, पैसे गेले, आणि लेकीने फोनवर जाहीर केलं, "आई, या खेपेला चेन्नईला येते ती नाव बदलूनच परत जाते."

ही नावं खरी नाहीत. पण नावाची गोष्ट नावाशिवाय सांगता येत नाही. म्हणून समजा, लेक मीरा, तिचे वडील वसंत, आमचं आडनाव साने, जावई निखिल पाटील. आता पाहा, हे साने आडनाव लेकीच्या नावापुढे एकाही कागदावर नाही.

यजमानांची नोकरी पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत. १९८९ मध्ये लग्न करून मी मद्रासला आले. मीराला शाळेत घालताना कारकुनाने विचारलं, "इनिशियल?" मी आडनाव सांगू लागले. त्याने हात हलवून ते बाजूला सारलं आणि वडिलांचं नाव विचारून लिहिलं, 'व्ही. मीरा'. मला तेव्हा गंमत वाटली. बारावी झाली, अण्णा विद्यापीठाची पदवी झाली, सगळीकडे व्ही. मीरा. पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा कळलं की पासपोर्टात आद्याक्षर चालत नाही, ते उलगडून लिहावं लागतं. उलगडलं तर 'व्ही'चे झाले वसंत आणि जाऊन बसले आडनावाच्या रकान्यात. २०१९ पासून अमेरिकेत तिला सगळे 'मिस वसंत' म्हणतात. यजमान यावर खूश असतात.

इथल्या माणसांना आडनाव नसतं, त्यामागे इतिहास आहे. पेरियार रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीची पहिली परिषद फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला भरली. नावामागची जातिवाचक शेपटं छाटायची, असा ठराव तिथे झाला. खुद्द पेरियारांनी आपल्यामागचं 'नायकर' टाकून दिलं. पुढे ते अंगवळणीच पडलं. वडिलांचं आद्याक्षर आणि आपलं नाव, संपलं. मुलीचं लग्न झालं की आद्याक्षर तेवढं बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. आपल्याकडे तीन नावांतली दोन बदलतात. पूर्वी तर ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून तिसरंही बदलत. आमच्या जावयानेही तांदळात लिहिलं, पण जुनंच नाव. भटजींनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

नाही तरी या शहराला नाव बदलण्याचं वावडं नाही. शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळूरचा मराठी तरुण इथे आला आणि १९७५ मध्ये पडद्यावर रजनीकांत झाला. शहराने स्वतः १९९६ मध्ये मद्रासचं चेन्नई करून घेतलं. त्याला कुणी लग्नाचा दाखला मागितला नाही. विमानतळाची खूण मात्र अजून 'एमएए' आहे, म्हणजे सामानाच्या चिठ्ठीवर मद्रास शिल्लक आहे.

एप्रिलअखेर लेक आली. रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर कागद पसरले आणि पहिला प्रश्न मीच विचारला, बदलायचं कशाला? कायदा तर सांगत नाही. १३ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनीच जाहीर केलं होतं की लग्नानंतर बायकांना पासपोर्टवरचं नाव बदलावं लागणार नाही. त्याच्या आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, परराष्ट्र मंत्रालयाने विवाहितांच्या पासपोर्ट अर्जासाठी लग्नाच्या दाखल्याची सक्ती काढली होती. नुसतं शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव घालून घेतलं तरी भागतं.

लेकीचं उत्तर माझ्या अपेक्षेबाहेरचं होतं. ती म्हणाली, "सासरसाठी नाही गं. मला एकदा तरी आडनावाच्या जागी आडनाव हवंय."

मग बेत ठरला. अमेरिकेत राहूनही हे काम होतं. तिथे अर्ज आणि पासपोर्ट टपालाने पाठवायचा आणि नवा येईपर्यंत पासपोर्टाविना बसायचं. व्हिसावर राहणाऱ्याला त्या दिवसांत धड झोप लागत नाही. शिवाय तिला तसंही यायचंच होतं. विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसा २०२४ मध्ये संपला होता, आणि नोकरीच्या व्हिसाचा शिक्का पहिल्यांदाच घ्यायचा होता. म्हणजे ज्यावर जुनं नाव आहे असा चालू व्हिसा हातात नव्हता. नाव बदलायला याहून चांगला मुहूर्त नाही. चालू व्हिसा असता, तर नव्या पासपोर्टात एक नाव आणि जुन्यातल्या व्हिसावर दुसरं, असा संसार दोन पुस्तिकांत घेऊन फिरावं लागलं असतं. वर लग्नाचा दाखला. अशा वेळी नवा व्हिसाच घ्या, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातंही सुचवतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी पासपोर्ट, मग व्हिसाचा अर्ज, मग मुलाखतीची तारीख, मग तिकीट. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टचा क्रमांक भरावा लागतो आणि नव्या पासपोर्टाबरोबर क्रमांक बदलतो. घाईने तारीख आधी घेऊन ठेवली की ती जुन्या बाईच्या नावावर अडकते.

खरा वाद झाला तो 'निखिल'वरून. आपल्या पासपोर्टात मधल्या नावाला रकाना नाही. एक रकाना दिलेल्या नावाचा, एक आडनावाचा. मराठी बाईचं नाव तीन मजली. मधला मजला ठेवायचा कुठे? तर तो पहिल्या रकान्यात कोंबतात, 'मीरा निखिल'. इथवर ठीक. पुढे तिकिटावर दोन शब्द जोडले जाऊन 'मीरानिखिल' होतं आणि परदेशातल्या दवाखान्यात तीच आरोळी ठोकतात. माझी एक मावसबहीण तिकडे बारा वर्षं नवऱ्याच्या नावाला 'ओ' देते आहे. व्याह्यांना कराडला फोन झाला. विहीणबाईंना तिन्ही नावं हवी होती. "शेवटच्या पानावर निखिलचं नाव ठळक येतं," हे कळल्यावर त्यांचं समाधान झालं.

जावई सॉफ्टवेअरवाला, त्याने आणखी एक गोष्ट समजावली. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, चौकोनी अक्षरांच्या आणि बाणांसारख्या खुणांच्या. त्या यंत्रासाठी. एका ओळीत ४४ जागा. वरच्या ओळीत पहिल्या पाच जागा पुस्तिकेचा प्रकार आणि देशाची खूण खातात, उरतात ३९. त्यात आधी आडनाव, मग दोन बाण, मग नाव, आणि रिकाम्या जागी बाणच बाण. नावापुरतं विमानतळावरचं यंत्र एवढंच वाचतं. तिथे सौभाग्यवती नाही, कुमारी नाही, मराठी नाही, तमिळ नाही. जगभरच्या पासपोर्टांना हीच मोजपट्टी.

मेच्या पहिल्या आठवड्यात अमिंजिकरैच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळाली. नेल्सन माणिकम रोडवर, आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. अग्निनक्षत्रम् नुकतं लागलेलं. हे इथले वैशाखवणव्याचे दिवस, सकाळी साडेनऊलाच डांबर मऊ. दारात कागद पाहून टोकन देतात. आत अ, ब, क अशा तीन टप्प्यांच्या खिडक्या आणि भिंतीवर आकडे पळवणारा पडदा.

'अ'मध्ये टीसीएसची मुलं-मुली बसतात. पासपोर्ट सेवेचं हे काम त्या कंपनीकडे आहे. मीराच्या खिडकीतली मुलगी जेमतेम बावीस वर्षांची. "पेरु मात्तणुमा, मा?" तिने विचारलं. नाव बदलायचंय का? मान हलली. फोटो तिथेच काढला, बोटांचे ठसे घेतले, लग्नाचा दाखला, आधार, जुना पासपोर्ट यांच्या प्रती यंत्रातून सरकवल्या. ३६ पानी पुस्तिकेचे १५०० रुपये ऑनलाइन आधीच भरलेले. मग तिने पडदा मीराकडे वळवला आणि म्हणाली, अक्षर न् अक्षर वाचा. मीराने वाचलं. मुलगी म्हणाली, परत वाचा. या मुलीला पगार किती असेल कोण जाणे, पण त्या दोन वाक्यांनी ती अनेकींचे महिने वाचवत असेल.

'ब'मध्ये सरकारी अधिकारी असतो. चष्म्याआडून त्यांनी दाखला आणि जुना पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. जुन्या पासपोर्टात आडनाव वसंत. दाखल्यात वधूपित्याचं नाव वसंत साने. "हे साने कोण?" पंचवीस वर्षांत आमच्या आडनावाची चौकशी पहिल्यांदा झाली. लेकीने सांगितलं, वडिलांचं आडनाव. "मग तुमचं का नाही?" "शाळेत इनिशियल लावलं, सर." ते हसले. जुन्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं पूर्ण नाव होतं, ते पडताळून त्यांनी पुढे पाठवलं. हे पान कुणी उघडून पाहत नाही, पण आई, वडील, जोडीदार, पत्ता आणि आधीच्या पासपोर्टचा क्रमांक, सगळं कूळ तिथे असतं.

हा दाखलाही सहज हाती आला नव्हता. लग्न इथेच झालं, २०२३ च्या डिसेंबरात. तामिळनाडूत २००९ च्या कायद्याने लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीच्या कचेरीत मसुदा आला तेव्हा वधूचं नाव होतं 'व्ही. मीरा'. तिथल्या तिथे ते 'मीरा वसंत' करून घेतलं म्हणून बरं. दाखल्यावरचं नाव जुन्या पासपोर्टाशी जुळलं नाही, तर लग्न कुणाचं झालं हेच सिद्ध करत बसावं लागतं.

'क'मधल्या बाईंनी एक नजर टाकली आणि पावती दिली. सगळं मिळून दोन तासांच्या आत. पोलीस ठाण्यातून फोन आला, पत्त्याची खातरजमा झाली, आणि अकराव्या दिवशी पोस्टमन स्पीड पोस्टाचं पाकीट घेऊन दारात.

नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर खाली एक छोटी सोनेरी खूण आहे. आत चिप आहे, असा तिचा अर्थ. चेन्नईत असे ई-पासपोर्ट ३ मार्च २०२५ पासून मिळू लागले. कोरी पुस्तिका छापली जाते आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आणि नाव उमटतं इथे. मीरा म्हणाली, "म्हणजे आडनाव आणि पुस्तक, दोन्हींचं माहेर महाराष्ट्रच." जुना पासपोर्ट रद्द होऊन, कोपरा कापून परत मिळाला होता. यजमानांनी तो हातात घेऊन आडनावाचा रकाना बराच वेळ पाहिला आणि कपाटात ठेवला. लेकीने लगेच बाहेर काढला. जुने व्हिसे त्यात आहेत, मुलाखतीला तो बरोबर लागतो.

मग व्हिसाचा डीएस-१६० अर्ज. त्यात प्रश्न असतो, पूर्वी दुसरं नाव वापरलं आहे का? हो लिहायचं आणि जुनं नाव द्यायचं, लपवायचं काही नाही. सगळा अर्ज इंग्रजीत, पण एक रकाना असा की तिथे तुमचं पूर्ण नाव तुमच्या मातृभाषेच्या लिपीत भरायचं. लेकीची बोटं कळफलकावर थांबली. "आई, तमिळमध्ये की देवनागरीत?" तमिळ ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. मी काही बोलले नाही. तिने देवनागरीत टंकलं आणि पाटीलची 'टी' पहिल्यांदा ऱ्हस्व काढली.

जूनमध्ये जेमिनी सर्कलच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखत. फोन आत नेता येत नाही, तेव्हा आम्ही दोघं तिचा फोन सांभाळत बाहेर सावली शोधत उभे. तासाभराने ती आली. अधिकाऱ्याने कामाबद्दल विचारलं. नोकरीच्या मंजुरीचं पत्र जुन्या नावाचं आणि पासपोर्ट नव्या नावाचा, म्हणून लग्नाचा दाखला पाहिला, आणि पासपोर्ट ठेवून घेतला. तो व्हिसासकट परत आला तेव्हाच तिकीट काढलं. या वेळी जावयाने नाही, लेकीने.

तिकडे उतरल्यावर पुढची रांग आहेच. प्रवेशाची नोंद नव्या नावाने झाली की सोशल सिक्युरिटी, मग गाडीचा परवाना, मग बँक. व्हिसा चालू असताना कुणाच्या मुलीच्या मनात नाव बदलायचं आलं, तर मी सांगेन, व्हिसा संपेपर्यंत थांबा, तोवर शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव घालून घ्या. लग्नाच्या दाखल्याच्या मात्र चार मूळ प्रती आजच काढा, कारण पदवी जन्मभर जुन्याच नावाची राहणार.

आमच्या लेकीचं परवाना आणि बँकेपर्यंत झालं आहे. ऑफिसचा ईमेल तेवढा राहिला. तिथे ती अजून मीरा वसंत आहे. बदलायला एक अर्ज लागतो, तो तिने अजून केलेला नाही.