झेऽझेऽ की ह्यूऽह्यूऽ?

जपानमध्ये मुलाला दवाखान्यात नेलं की डॉक्टरांच्या आधी समोर येतो तो 'मोन्शिन्ह्यो', म्हणजे लक्षणांची छापील प्रश्नावली. ताप किती, जुलाब आहेत का, औषधाची अॅलर्जी आहे का, आणि त्याच गंभीर चालीत पुढचा प्रश्न: 'झेऽझेऽ, ह्यूऽह्यूऽ होतं का?' तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास बरीच भारतीय कुटुंबं राहतात. त्यांतल्या मराठी आईबापांबरोबर दुभाषी म्हणून जाते तेव्हा हा रकाना मी सगळ्यांत शेवटी भरते.

आपल्याकडे असे आवाजाची नक्कल करणारे शब्द स्वयंपाकघरात नाहीतर बालगीतात. जपानीत ते तपासणीच्या टेबलावर असतात. डॉक्टर कागदपत्रात 'झेन्मेइ' हा भारदस्त शब्द लिहितील, पण विचारताना 'झेऽझेऽ'च म्हणतील, आणि त्यात पोरकट असं कुणालाच काही वाटत नाही.

झेऽझेऽ म्हणजे जाड, खालच्या पट्टीतला आवाज. ह्यूऽह्यूऽ म्हणजे शिट्टीसारखा बारीक. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा बाहेर पडताना दोन्ही ऐकू येऊ शकतात, म्हणून दम्याची शंका असली की ही जोडी एकत्रच विचारतात. तान्ह्या बाळांसाठी तिसरा शब्द आहे, 'झेरोझेरो': घशात कफ खुळखुळतो तो. खोकल्याची वेगळी ओळ. 'कोन-कोन' कोरडा, 'गोहो-गोहो' कफाचा. आणि 'केन-केन' म्हटलं की डॉक्टर मान वर करतात. कुत्रं भुंकावं तसा तो खोकला. स्वरयंत्राजवळ सूज आल्याची खूण. (मुलं एका पायावर उड्या मारतात त्या खेळालाही केन-केनच म्हणतात. दवाखान्याबाहेर तो शब्द अगदी निरुपद्रवी.)

कान तयार करायचा तर पहिली गोष्ट घोष वर्णांची. 'सूऽसूऽ' म्हणजे शांत झोपेतला श्वास, 'झूऽझूऽ' म्हणजे नाक चोंदल्याचा किंवा शेंबूड ओढल्याचा. 'स'चा 'झ' झाला, 'क'चा 'ग' झाला की आवाज जड, ओला, नकोसा होतो. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. किणकिण आणि घणघण यांतलं अंतर त्याला पाळण्यातच कळलेलं असतं.

अडतं ते लांबीपाशी. गरम रामेनवर फुंकर घालायची ती 'फूऽफूऽ'. दुसरा 'फू' आखूड केलात तर नवरा-बायको. एकटा 'फूऽ' म्हणजे काम संपल्यावरचा सुस्कारा, आणि 'हाऽ' म्हणजे वैतागाचा उसासा. दमून धापा टाकणं 'हाऽहाऽ', पण तोच शब्द इंटरनेटवर चावट अर्थानं चालतो, तेव्हा लिहिताना जपून. सूऽसूऽ तर तीन घरचा पाहुणा: झोपेतला श्वास, मेन्थॉलचा गारवा, आणि खिडकीच्या फटीतून येणारा वारा.

वाक्यात बसवणं मात्र सोपं. 'करणे'साठीचं 'सुरु' जोडलं की झालं: झेऽझेऽ सुरु. छाती 'बोलते' असंही म्हणतात: झेऽझेऽ इउ. जोडशब्दाला 'तो' हा प्रत्यय लावा, नाहीतर सोडून द्या. एकट्या, तुटक आवाजाला मात्र तो हवाच. श्वास अडकून एकदम काही लक्षात येतं, ते 'हात्तो'. आपल्या खाडकन, धाडदिशी यांतले 'कन' आणि 'दिशी' हेच काम करतात, म्हणून पुण्यात जपानी शिकताना जो नियम पाठ होत नव्हता तो असा जोडून दिल्यावर डोक्यात बसला.

प्रसूतीच्या खोलीत तर हे शब्द थेट हुकूम होतात. लामाझ पद्धतीचा श्वास जपानीत 'हि, हि, फूऽ': दोन तुटक उच्छ्वास, मग एक लांब. ते कळांमधल्या बाईला सांगताना मी अनुवादाच्या भानगडीत पडत नाही. तिच्याबरोबर स्वतः करते.

खरी कसोटी उलट्या दिशेनं येताना. आई म्हणते, "छातीत घरघर होते." आमची घरघर फार ऐसपैस: कफ, शिट्टी, घोरणं, सगळं तिच्या पोटात. त्यात आजी बरोबर असली तर लगेच दटावते, "घरघर लागली असं म्हणू नये लेकराला." खरंच आहे, ती शेवटच्या घटकेची. म्हणून मी शब्द विचारतच नाही. "तो आवाज काढून दाखवा," म्हणते. श्वास घेताना येतो की सोडताना? रात्री वाढतो का? बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का? त्यालाही जपानीत शब्द आहे, पेको-पेको. हा आवाज नव्हे, नुसतं आत-बाहेर होणं. पोटात कावळे ओरडतात तेव्हाही तोच वापरतात.

एकदा एका आजीनं इतका हुबेहूब आवाज काढला की डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आऽ, झेरोझेरो." बाळाचे बाबा संगणकातले, ते दचकले. "झीरो? काय झीरो आलं? ऑक्सिजन?" त्यांना समजावेपर्यंत डॉक्टरांनी छाती तपासली होती. फुप्फुसं मोकळी होती. नर्सनं नळीनं बाळाच्या नाकातला शेंबूड ओढून काढला, बाळानं टाहो फोडला, आणि आजी म्हणाली, "एवढंच होतं तर घरीच सुंठेचा लेप लावला असता."